निसर्गचित्रातील पोत आणि प्रतीक

कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणण्याची आपणांस सवय जडली आहे. परंतु या बिरुदाचा एक मोठा आधार असलेली निसर्गचित्रणाची परंपरा आज कोणत्या वळणावर उभी आहे, याचा विचार क्वचितच होतो. अलीकडच्या प्रदर्शनांतून पॅलेट नाइफने थापलेले रंगांचे जाड थर, त्यांवर ओढलेले ओरखडे आणि मधोमध एखादे लाल वर्तुळ वा निष्पर्ण झाड, असा साचा वारंवार दिसतो. पोत आणि प्रतीक ही आधुनिक चित्रकाराची न्याय्य साधने होत. प्रश्न एवढाच की, ती स्थळाच्या अनुभवातून आली आहेत, की बाहेरून चिकटविली आहेत?

शाहू छत्रपतींचा आश्रय लाभलेले आबालाल रहिमान कोटीतीर्थाच्या काठी राहिले आणि त्या परिसरातील पाणी, झाडे व प्रकाश पुन:पुन्हा रंगवीत राहिले. १९२२ मध्ये महाराज निवर्तल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे त्याच तळ्यात सोडून दिली, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चित्रकार आणि स्थळ यांच्या एकजीव नात्याविषयी ती पुष्कळ काही सांगते.

कॅमेऱ्याच्या युगात दृश्याची नक्कल कशासाठी, असा आक्षेप घेतला जाईल. तो रास्तच आहे. वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांनी दृश्यवस्तू चित्रातून काढून टाकली, तरी त्यांच्या रंगलेपनात पाणी आणि प्रकाश यांचा भास होतो. मात्र ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत. त्यांचा पोत दीर्घ चिंतनातून सिद्ध झालेला होता. आपले तरुण चित्रकार त्यांचा रोलर उचलतात, धीर उचलीत नाहीत.

वस्तुत: कोल्हापुरात प्रतीकांची वाण नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी भिंतींवर सोडलेल्या गाळाच्या रेषा, पंचगंगेच्या घाटावरील काळ्या दगडाचे शेवाळ, पाणी चढले की रंकाळ्यात बुडत जाणारे संध्यामठाचे खांब, या साऱ्यांत पोत हाच आशय आहे. महापुराचा गाळ ज्याने हाताने उपसला, त्याच्या रंगाचा थर निव्वळ शोभेचा राहणार नाही.

म्हणून चित्रकला-शिक्षकांनी तयार साच्यांना गुण देण्याऐवजी विद्यार्थ्यांकडून एकच जागा तिन्ही ऋतूंत रंगवून घ्यावी. नदी आणि तळी झपाट्याने पालटत असताना त्यांकडे निरखून पाहणारी पिढी घडविणे, हे केवळ कलेचे नव्हे, नागरिकत्वाचेही शिक्षण आहे.