दत्तक श्वान घरात शू करतोय? आधी ओरडणं थांबवा!

‘घरभर शू करतो’ म्हणून दत्तक श्वान काही दिवसांतच परत पाठवले जातात. माझ्या मते यात दोष श्वानाचा नाही. शेल्टरमध्ये पिंजऱ्यातच उरकावं लागतं, रस्त्यावर सगळंच मोकळं. घर वेगळं असतं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं.

मग करायचं काय?

उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि झोपण्यापूर्वी त्याला ठरलेल्या एकाच जागी न्या. पिल्लू साधारण वयाच्या महिन्यांइतके तास थांबू शकतं. म्हणजे ३ महिन्यांचं पिल्लू जेमतेम ३ तास. काम झालं की तिथेच खाऊ द्या. घरी येऊन दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही.

घरात झालंच तर मारू नका, नाक घासू नका. त्यातून तो ‘माणसासमोर करायचं नाही’ एवढंच शिकतो आणि सोफ्यामागे जागा शोधतो. नुसत्या फिनाईलने वास झाकला जातो, जात नाही. एन्झाइम क्लीनर वापरा. सवय लागलेला श्वान अचानक चुकू लागला, तर पशुवैद्यांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

दत्तक घेतल्याचा फोटो मिनिटभरात पोस्ट होतो. सवय लागायला काही आठवडे, कधी महिने जातात. तेवढी तयारी नसेल, तर त्याला घरी आणूच नका.