चाळीसगावचा टांगा आणि आपली नवी गाडी

गेल्या रविवारी माझ्याकडे एक तरुण वकील आला. माझ्याच हाताखाली दोन वर्षे काम शिकला आणि आता नागपूरच्या जिल्हा न्यायालयात स्वतंत्र वकिली करतो. जयभीम केला, बसला आणि बॅगेतून चार गाड्यांची रंगीत माहितीपत्रके काढून टेबलावर मांडली. "सर, यातली कोणती घेऊ?"

मी विचारले, "तुला परवडते कोणती?"

"परवडण्याचा प्रश्न नाही सर, बँक कर्ज द्यायला तयार आहे. प्रश्न इमेजचा आहे. लहान गाडीतून उतरलो की पक्षकार वकिलालाही लहानच समजतो. बाररूममधली बाकीची पोरं वडिलांच्या गाड्या घेऊन येतात. मी अजून मोटारसायकल चहाच्या टपरीमागे उभी करतो, कुणी बघू नये म्हणून."

चारही गाड्या मोठ्या होत्या. त्याची कमाई एखाद्या महिन्यात साठ हजार, तर एखाद्या महिन्यात तीस. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. कर्जाला जामीनदार म्हणून तेच सही करणार होते.

त्याला हसणे सोपे आहे. 'पोरगं बिघडलं, चंगळवादी झालं' असे म्हणून मोकळे होणारे ज्येष्ठ आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी हसलो नाही. ज्या समाजाच्या नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरवले जाते, त्या समाजाच्या मुलाला वाहनाची किंमत फक्त रुपयांत कळत नाही. आपल्या गावात आपल्याच गाडीतून आईला घेऊन जाणे म्हणजे काय असते, हे ज्यांच्या घरी तीन पिढ्या गाडी आहे त्यांना समजणार नाही. सन्मानाची भूक खरी आहे. पण ती भूक आपल्याला कुठे नेते, हेही बघितले पाहिजे. त्यासाठी मी त्याला चाळीसगावची आठवण करून दिली.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९२९ साली खानदेशातले काम आटोपून परतताना ते चाळीसगाव स्टेशनवर उतरले. महारवाड्यातील लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनबाहेर टांगे उभे होते, पण महार माणसाला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. टांगा भाड्याने देतो, हाकणारा तुमचा तुम्ही आणा, एवढ्यावर तडजोड झाली. आपला बॅरिस्टर पायी चालत येणार, ही कल्पनाच लोकांना सहन होईना. म्हणून ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, असा आपलाच एक माणूस लगाम धरून बसला. वाटेत पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळला. बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले.

हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपण त्यातला पहिला अर्धा भागच सांगतो, की साधा टांगेवालासुद्धा बॅरिस्टरपेक्षा स्वतःला श्रेष्ठ समजत होता. दुसरा अर्धा भाग आपल्यासाठी आहे आणि तो आपण सांगत नाही. त्यांचा सन्मान राखण्यासाठी आपल्याच प्रेमळ माणसांनी त्यांचा जीव धोक्यात घातला होता. सन्मानाची काळजी झाली. टांगा हाकता येतो का, हे कुणी विचारले नाही.

आज आपला तरुण गाडी घेताना हेच करतो. गाडी कशी दिसते ते तो बघतो. पेलेल का आणि जीव वाचवेल का, हे विचारत नाही.

आधी पेलण्याचे बघू. दहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने सात वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १६ हजार १०० रुपये येतो. सात वर्षांत साडेतेरा लाख भरावे लागतात, म्हणजे साडेतीन लाख निव्वळ व्याजाचे. तेच पाच लाखांचे कर्ज चार वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेबारा हजारांच्या आत राहतो आणि व्याज एक लाखाच्याही खाली येते. शिवाय जाहिरातीतली किंमत ही शोरूमची असते. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवरचा एकरकमी वाहन कर ११ टक्क्यांपासून सुरू होतो आणि किमतीबरोबर त्याचा दरही वाढतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के आणि मोठ्या गाड्यांवर ४० टक्के आहे. इमेजवर लागणारा कर सरकारही दुपटीने वसूल करते!

आता वकील म्हणून दोन गोष्टी. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर गाडी जाते. लिलावात रक्कम कमी आली तर उरलेले कर्ज तुमच्या आणि तुमच्या बापाच्या डोक्यावर तसेच राहते. वसुलीसाठी गुंड पाठवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. पण दारात वसुलीवाला उभा राहिला की वस्तीत व्हायची ती शोभा होतेच. ज्या इमेजसाठी गाडी घेतली, ती तिथेच संपते.

दुसरी गोष्ट, जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. फक्त आरसी तुमच्या नावावर करून घ्या, आणि विकणारे असाल तर घेणाऱ्याच्या नावावर करून द्या. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईत मालक तोच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

आता जीव वाचवण्याचे. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांची विनाएअरबॅग मॉडेल्स आदळवून तपासली. पाचही गाड्यांना मोठ्या माणसांच्या सुरक्षेसाठी शून्य स्टार मिळाले. २०१८ साली चार मीटरच्या आतील टाटा नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. म्हणजे लहान गाडी सुरक्षित असू शकते आणि नुसता आकार मोठा असून भागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची भारत एनकॅप चाचणी सुरू आहे. ती ऐच्छिक आहे. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न हा विचारा, की या गाडीची चाचणी झाली का आणि किती स्टार मिळाले? रंग, सनरूफ आणि पडदा नंतर बघा.

आणि पट्टा लावा, मागे बसलेल्यांनीसुद्धा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री मर्सिडीजमध्ये मागच्या आसनावर होते. पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्या गाडीपेक्षा मोठी इमेज कोणती? समृद्धी महामार्गावर १२० च्या वेगाने जाताना गाडीचा लोगो कामाला येत नाही, टायर आणि ब्रेक येतात.

इमेजच्या बाजाराने गरिबाच्या गाडीचे काय केले, तेही आठवा. २००९ साली टाटांची नॅनो रस्त्यावर आली. 'सर्वात स्वस्त गाडी' हा शिक्का तिला असा चिकटला की ज्यांच्यासाठी ती बनवली, त्यांनाच तिच्यात बसताना लाज वाटू लागली. २०१८ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्यात दोषही होते. पण लोकांनी गाडी नाकारली ती दोषांपेक्षा शिक्क्यामुळे जास्त. जातीचा शिक्का कपाळावरून पुसायला निघालेल्या आपण बाजाराचा शिक्का मात्र निमूटपणे कपाळावर मारून घ्यायचा?

तथागतांनी सिगाल या गृहपतिपुत्राला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग व्यवसायासाठी आणि चौथा भाग संकटासाठी. माझ्या तरुण मित्राची सरासरी कमाई पंचेचाळीस हजार. एक भाग झाला सव्वाअकरा हजार. सोळा हजारांचा हप्ता त्यात बसत नाही. तो म्हणाला, "सर, काटोल, सावनेर, उमरेडच्या कोर्टात जायला गाडी लागतेच." मान्य आहे. मग ती व्यवसायाच्या दोन भागांतून घे. पण त्याच भागातून ऑफिसचे भाडे, कायद्याची पुस्तके आणि कारकुनाचा पगार द्यायचा आहे, हे विसरू नकोस. पक्षकार एकदा गाडी बघून येईल. दुसऱ्यांदा तो तारखेला तू तयारीने उभा राहिलास का, हे बघूनच येईल.

कुणी म्हणेल, बाबासाहेब सुटाबुटात राहत, मग आम्ही मोठ्या गाडीत का बसू नये? जरूर बसा. पण त्या सुटामागे रात्र रात्र केलेला अभ्यास होता. दादरला त्यांनी राजगृह बांधले ते ग्रंथांसाठी. आधी मिळवले, मग मिरवले.

माझ्या मित्राला मी कोणतीच गाडी सांगितली नाही. एवढेच सांगितले, की पुढच्या रविवारी आई-वडिलांना घेऊन शोरूममध्ये जा. त्यांना मागे बसव, आईचे गुडघे दुखतात, तिला चढता-उतरता येते का बघ. पट्टे लावून बघ. स्टार विचार. हप्त्याचा कागद वडिलांना वाचून दाखव आणि मगच त्यांची सही घे. एवढे करून मोठी गाडी बसत असेल तर खुशाल मोठी घे, पहिला पेढा मी खाईन. नसेल बसत तर लहान घे आणि ती कोर्टाच्या दारासमोर उभी कर, टपरीमागे नको.

तरुण मित्रांनो, प्रतिष्ठेसाठी टांग्यात बसवणारे पुष्कळ भेटतील. बसण्यापूर्वी लगाम कुणाच्या हातात आहे, एवढे बघून घ्या. जयभीम.