रेघ मारून दाखवा

गोदीत टॅलीच्या कागदावर आकडा चुकला तर त्याच्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला सही. रबरानं पुसला तर चोर ठरवतात. पन्नास पोत्यांच्या हिशेबाला एवढी शिस्त. आणि आमच्या पोटाचा हिशेब ज्या कागदावर, तो रातोरात नवा होऊन येतो. जुना कुठं गेला, कुणी सांगत नाही.

मध्यंतरी गेटवर नियमावली लागली. बारा पानं. वर एकच शब्द: ‘सुधारित’. काय सुधारलं? कुणाचं सुधारलं? आम्ही चौघं जेवणाच्या सुट्टीत जुनी प्रत शेजारी धरून ओळ न् ओळ वाचत बसलो. तिसऱ्या दिवशी सापडलं. नवव्या पानावर ‘देण्यात येईल’चं ‘देता येईल’ झालं होतं. हक्क गेला, मेहरबानी आली.

मित्रांनो, एका शब्दाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात हिंदू असण्याची अट होती. 1956 साली तिथं ‘शीख’ जोडलं गेलं. त्याच वर्षी बाबासाहेबांनी नागपुरात लाखोंसह धम्म स्वीकारला. पण त्या ओळीत ‘बौद्ध’ हा शब्द यायला 1990 साल उजाडलं. एका शब्दासाठी चौतीस वर्षं.

आकड्याचंही तेच. कामगार कपातीला सरकारची परवानगी हवी, ही अट 1976 साली 300 कामगारांच्या कारखान्यांना लागली. 1982 च्या दुरुस्तीनं आकडा 100 वर आला. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत तो परत 300. एकोणतीस कायदे वितळवून चार संहिता केल्या. गोदी कामगारांच्या सुरक्षेचा 1986 चा कायदाही त्यातच गेला. अख्खा कागदच नवा आणला की रेघ मारायची भानगडच उरत नाही.

बदल दाखवणं जमत नाही, असं कुणी साहेब म्हणाला तर त्याच्यापुढं संविधानाची सरकारी प्रत ठेवा. उद्देशिकेच्या खालीच तळटीप आहे: बेचाळिसाव्या दुरुस्तीनं, 1976 साली, कुठल्या शब्दांऐवजी कुठले शब्द आले, कधीपासून लागू झाले. संसदेच्या संयुक्त समितीकडून विधेयक परत येतं तेव्हा बदललेल्या मजकुराला रेघ असते, गाळलेल्या जागी तारे असतात. म्हणजे अक्कल आहे. ती खासदाराच्या टेबलापर्यंत पोचते, आमच्या गेटपर्यंत येत नाही.

आमचं मागणं साधं आहे. पहिल्या पानावर बदलांची यादी द्या. काढलेला शब्द खोडा, पण वाचता येईल असा. नव्या शब्दाखाली रेघ द्या. आकडा बदलला तर दोन्ही आकडे छापा. तारीख, सही आणि कारण लिहा. जुनी प्रत नव्याशेजारी टांगा. आणि हे सगळं मराठीत, त्याच दिवशी.

तोवर जुना कागद रद्दीत घालू नका. वस्तीत, युनियनच्या कपाटात जपून ठेवा. नवा आला की दोघांनी बसा. एकानं जुना मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नव्यावर बोट फिरवायचं. बोट अडेल तिथं लाल पेन्सिल. मग तो कागद नाक्यावर चिकटवा.

आपल्या बापजाद्यांना वाचूच दिलं नाही. आपल्याला वाचू देतात, पण काय बदललं ते कळू देत नाहीत. ते रेघ मारणार नसतील, तर आपण मारू.