गच्चीवरचा टॉवर : हरकत कशावर घ्यायची, कुठे घ्यायची?

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मोबाइल टॉवरचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. टॉवरच्या भाड्यातून लिफ्टची दुरुस्ती आणि रंगकाम निघेल, असे कार्यकारिणीचे गणित असते. वरच्या मजल्यावरचे म्हणतात, पैसे सगळ्यांना आणि टॉवर मात्र आमच्या डोक्यावर! मग सह्यांची मोहीम होते, महापालिकेला निवेदन जाते. त्यात किरणोत्सर्गाचा मुद्दा सर्वांत वर असतो आणि तिथेच तक्रार चुकीच्या दारात जाते.

रेंज सर्वांना हवी, टॉवर कुणालाच नको, असे म्हणून रहिवाशांची टिंगल करणे सोपे आहे. पण कोणता नियम कुणाच्या हाती आहे, हे त्यांना कुणी नीट सांगितलेले नसते. ते आधी समजून घेऊ.

किरणोत्सर्गाची मर्यादा कोण ठरवते?

केंद्र सरकारचा दूरसंचार विभाग. भारताने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादा स्वीकारली आणि १ सप्टेंबर २०१२ पासून ती दहापट कडक केली. ९०० मेगाहर्ट्झ लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा प्रति चौरस मीटर ४.५ वॅट होती, आपल्याकडे ती ०.४५ वॅट झाली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात ठेवले. याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, पण शक्यता पुरती नाकारलेली नाही. म्हणून भीती पसरवणे जितके चूक, तितकेच शंका विचारणाऱ्याला अडाणी ठरवणेही चूक.

शंका असेल तर मोजणी मागता येते. केंद्राच्या ‘तरंग संचार’ या पोर्टलवर आपल्या भागातील टॉवरची माहिती मिळते आणि ४,००० रुपये शुल्क भरून एखाद्या ठिकाणची मोजणी करून घेता येते. वर्तमानपत्राचे कात्रण जोडलेल्या निवेदनापेक्षा मोजणीचा अहवाल केव्हाही वजनदार.

अंतराचा नियम कसा वाचायचा?

दूरसंचार विभागाने राज्यांना दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत एका अँटेनासाठी २०, दोनसाठी ३५, चारसाठी ४५ आणि सहासाठी ५५ मीटर अंतर सुचवले आहे. हे अंतर टॉवरच्या पायथ्यापासून चहूबाजूंनी मोजायचे, असा समज आहे. तो बरोबर नाही. अँटेनाच्या समोर, त्याच उंचीवर असलेल्या इमारतीसाठी हे अंतर आहे.

अँटेनाचा झोत बॅटरीच्या उजेडासारखा समोर जातो. त्यामुळे टॉवर ज्या गच्चीवर आहे त्या घरापेक्षा समोरच्या इमारतीतील त्याच पातळीवरच्या खिडकीचा प्रश्न मोठा असू शकतो. गंमत अशी की, सभेत मत असते ते टॉवरखालच्यांना. समोरच्या खिडकीला कुणी विचारत नाही.

महापालिका, ग्रामपंचायतीच्या हाती काय?

पूर्वी बरेच होते. मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये आखलेल्या धोरणात शाळा, महाविद्यालये व रुग्णालयांवर टॉवरला मनाई आणि सोसायटीतील ७० टक्के रहिवाशांची संमती, अशा अटी होत्या.

नंतर वारे फिरले. २०१६ मध्ये केंद्राने ‘राइट ऑफ वे’ नियम आणले. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने खासगी इमारतीवरील टॉवरसाठी स्थानिक परवानगीऐवजी लेखी पूर्वसूचना आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र पुरेसे ठरवले. आता दूरसंचार कायदा २०२३ आणि त्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. सरकारी जागेसाठीच्या अर्जावर मुदतीत निर्णय दिला नाही, तर परवानगी मिळाल्याचे धरले जाते.

कराचेही तेच. टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये सांगितले होते. नवा कायदा मात्र दूरसंचार जाळ्याला त्या मालमत्तेचा भाग मानत नाही, मालमत्ता करासाठीही नाही. म्हणजे तक्रार ऐकायला नगरसेवक, पण अधिकार आणि महसूल दोन्ही आटलेले.

न्यायालये काय म्हणतात?

एकच सूर नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये शाळा व रुग्णालयांजवळचे टॉवर हटवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ग्वाल्हेरमधील एक टॉवर एका कर्करुग्णाच्या याचिकेवर बंद करायला लावला. उलट, सांगली जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीने किरणोत्सर्गाच्या भीतीने टॉवर रोखणारा ठराव केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने शास्त्रीय आधार नसल्याचे सांगत बेकायदा ठरवला. नुसती भीती कोर्टात टिकेलच असे नाही, हा यातला धडा.

मग सोसायटीने काय पाहावे?

* इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचे प्रमाणपत्र स्वतः वाचा. टॉवर, बॅटऱ्या आणि जनरेटर यांचे वजन त्यात धरले आहे का, ते विचारा.
* जनरेटरला आवाजरोधक आवरण हवे. एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे.
* ठराव सर्वसाधारण सभेतच करा. गळती, विमा आणि करार संपल्यावर टॉवर काढण्याचा खर्च कुणाचा, हे करारात लिहून घ्या.
* ‘टॉवरसाठी जागा निवडली, आधी पैसे भरा’ असा मेसेज आला तर ती फसवणूक समजा. ‘ट्राय’ अशी परवानगी देत नाही.

आमचे मत

टॉवर हवेतच. रेंज कमकुवत असली की हातातला फोनच जास्त शक्तीने लहरी सोडतो, हेही विसरू नये. पण जाळे वेगाने उभारायचे म्हणून शेजाऱ्याला विचारायचेच नाही, हा मार्ग बरा नव्हे. केंद्राने किरणोत्सर्गाची मर्यादा ठरवावी, ते तज्ज्ञांचे काम आहे. पण इमारत किती जुनी, गल्लीत अग्निशमन बंब शिरतो का, शाळा कुठे आहे, हे दिल्लीला कळत नाही. ते वॉर्ड ऑफिसला आणि ग्रामपंचायतीला कळते.

म्हणून पूर्वसूचनेचा कागद कपाटात पडू नये. प्रत्येक पालिकेने तो आपल्या संकेतस्थळावर टाकावा, प्रमाणपत्राची तपासणी करावी आणि समोरच्या इमारतीलाही कळवावे. यासाठी नवा कायदा लागत नाही. टॉवर उभा राहिल्यावर आंदोलन करण्यापेक्षा आधी पंधरा दिवस माहिती मिळालेली बरी. कंपनीलाही आणि वरच्या मजल्यावरच्यांनाही.