डेक बांधताना आधी खाली पाहा

१९ जुलै २०२२ रोजी लिंकनशायरमधल्या कॉनिंग्सबी इथे पारा ४०.३ अंशांवर गेला. त्या उन्हाळ्यात आणि त्यानंतर आपल्यापैकी किती घरांच्या मागच्या बागेत नळ्यांचा सांगाडा आणि जाड प्लास्टिकचं कापड असलेला गोल पूल आला, ते आठवून पाहा. पहिल्या वर्षी तो गवतावर मांडला. दुसऱ्या वर्षी गवत मेलं, चिखल घरात आला, आणि चहा पिताना कुणीतरी म्हणालं, “याच्याभोवती मस्त लाकडी डेक करून घेऊ या.”

मग मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत मला विचारणा होते: फळी कुठली घ्यावी? पाइन की कॉम्पोझिट? करडा रंग की तपकिरी?

माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडायला या. फळीचा प्रश्न शेवटचा. डेकची ताकद खाली असते, जिथे फोटो निघत नाही. आणि डेक पूलभोवती असेल तर त्याहीआधीचा प्रश्न असा, की घरातलं सगळ्यात लहान मूल त्या डेकवरून कुठे पोचणार आहे?

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. आमचा पहिला डेक आम्ही फळ्या बघूनच केला. देखणा झाला. सातव्या वर्षी सासरे पेपर घेऊन खुर्चीकडे निघाले आणि त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. खरचटण्यावर निभावलं. फळ्या उचकटल्या तेव्हा दिसलं, की खालची आधाराची लाकडं चक्क मातीवर टेकवली होती आणि कापलेल्या टोकांना औषध लावलेलंच नव्हतं. बिस्किटासारखा चुरा हातात आला. बांधणाऱ्याला दोष दिला, पण खरं सांगायचं तर काम चालू असताना आम्हीही एकदासुद्धा वाकून पाहिलं नव्हतं.

वाईट याचं वाटतं, की हे ज्ञान आपल्या घरात होतं. जुन्या वाड्यातला लाकडी खांब कधी जमिनीवर उभा नसतो, त्याच्याखाली दगडाचा तळखडा असतो. कारण लाकूड टोकाकडून पाणी पितं, हे आपल्या सुतारांना पक्कं ठाऊक होतं. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. डेक म्हणजे दुसरं काय? उघड्यावर, पावसात ठेवलेला कडीपाटच. इथले लोक कड्यांना जॉइस्ट म्हणतात, एवढाच फरक.

तेव्हा बिल्डरला विचारायचं ते कड्यांबद्दल. इथलं बहुतेक डेकिंग पाइनसारख्या मऊ लाकडाचं असतं. ते टिकतं ते दाबाखाली आत मुरवलेल्या औषधामुळे. त्यात प्रती आहेत. जमिनीपासून वर, हवेशीर राहणाऱ्या लाकडाला यूज क्लास ३ चालतो. मातीला किंवा सततच्या ओलीला लागणाऱ्या खांबांना आणि कड्यांना यूज क्लास ४ हवा. दोन्ही हिरवट दिसतात, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा नको, पावतीवर लिहून घ्या. लाकूड कापलं की आतला औषध न मुरलेला भाग उघडा पडतो, म्हणून प्रत्येक कापलेल्या टोकाला ब्रशने औषध लावायचं. पाच मिनिटांचं काम, पण नेमकं तेच राहतं. कड्यांमधलं अंतर ४०० मिलिमीटरपर्यंत ठेवा, फळ्या तिरप्या लावायच्या असतील तर ३००. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. औषधातलं तांबं साध्या लोखंडाला खातं, आणि पूलशेजारी क्लोरिनही असतं.

इथे कुणीतरी हमखास सागवानाचा विषय काढतं. सागवान टिकतं, यात शंका नाही. त्याचा पुरावा हार्टलपूलला जाऊन बघता येतो. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेली एचएमएस ट्रिंकोमाली १८१७ साली पाण्यात उतरली, ती आजही तिथे तरंगते आहे. मुलांना घेऊन एकदा जाच. पण ती नुसत्या सागवानावर उभी नाही, विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या दुरुस्तीला दहा वर्षांहून जास्त काळ लागला. शिवाय जहाजाच्या डेकच्या फटी दोर आणि डांबराने बुजवतात, कारण पाणी खाली जाऊ द्यायचं नसतं. आपल्या डेकचं बरोबर उलट. पाणी खाली गेलंच पाहिजे आणि तिथून निघूनही गेलं पाहिजे. फळ्यांमध्ये ५ ते ८ मिलिमीटरची फट ठेवा आणि दर शरद ऋतूत तिच्यातली पानं काढा. (खाचांच्या फळ्या घसरत नाहीत म्हणतात. माझा अनुभव असा, की खाचांत पाणी आणि शेवाळ साचतं. आणि त्यांच्यावर रांगोळी निघत नाही ती नाहीच.)

आता पूल. काहींना तो डेकच्या वर ठेवायचा असतो. कृपा करून नको. घराच्या मजल्याला साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलो भार धरतात. ६५ सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साडेसहाशे किलो. पूल सपाट, घट्ट जमिनीवरच हवा. डेक त्याच्या शेजारी, स्वतःच्या खांबांवर उभा राहिला पाहिजे.

शेजारी म्हणजे किती उंच? इंग्लंडमध्ये साधारणपणे ३० सेंटिमीटरपर्यंतच्या डेकला प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, बागेचा निम्म्याहून जास्त भाग बांधकामाखाली गेला नसेल तर. पूलच्या काठाबरोबर डेक करायचा म्हटलं की ही मर्यादा सहज ओलांडली जाते. “कोण बघतंय” म्हणणाऱ्यांना सांगते, शेजारी बघतात. कारण तुमच्या उंच डेकवरून त्यांचं स्वयंपाकघर दिसायला लागतं.

पण मला परवानगीपेक्षा जास्त भीती वेगळीच आहे. जमिनीवरच्या पूलची भिंत हेच त्याचं कुंपण असतं. शिडी काढून ठेवली की दोन वर्षांचं मूल वर चढू शकत नाही. तुम्ही काठापर्यंत डेक आणला की ते कुंपण तुम्ही स्वतःच्या पैशांनी काढून टाकलं. कमी उंचीचा डेकही निर्दोष नाही. ७६ सेंटिमीटरच्या पूलला २५ सेंटिमीटरचा डेक चिकटवला, तर वर उरतात जेमतेम ५०. त्यात शेजारी खुर्ची असतेच.

फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने घरच्या, जमिनीत खोदलेल्या पूलला कुंपण, आच्छादन, गजर किंवा छत यांपैकी काहीतरी बंधनकारक केलं. इंग्लंडमध्ये घरच्या पूलसाठी असा कायदा नाही, म्हणजे कुणी तपासायला येणार नाही. आपल्या घरी दिवाळीला तीस माणसं येतात आणि पोरांवर लक्ष ठेवायचं काम ‘सगळ्यांचं’, म्हणजे कुणाचंच नसतं. म्हणून लहान पूल असेल तर डेक त्याला चिकटवू नका, दीड मीटर लांब ठेवा. चिकटवायचाच असेल तर आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण आधी, फळ्या मग. दिवाळीपर्यंत पूल रिकामा करून घडी घातलात तर उत्तमच. नुसतं आच्छादन टाकून पाणी तसंच ठेवणारी घरंही मी पाहिली आहेत.

पैसे कमी पडले तर डेक लहान करा, कड्या कमी करू नका. आणि बिल्डरशी ठरवताना एक अट घाला: फळ्या ठोकण्याआधी एक दिवस काम थांबवायचं, सांगाडा उघडा ठेवायचा आणि तुम्ही वाकून त्याचे फोटो काढायचे. आमच्या दुसऱ्या डेकचे असे अकरा फोटो आहेत. सासऱ्यांनी ते चष्मा लावून एकेक करून पाहिले, दोन ठिकाणी टोकाला औषध लागलंय का ते विचारलं, आणि मगच डेकवर पाय ठेवला.