कुंडीतलं चारशे वर्षांचं झाड

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं २०१९ च्या मार्च महिन्यात अमेरिकेला निघालो, तेव्हा घरातल्या प्रत्येक गोष्टीची सोय लावून ठेवली होती. दूध बंद, पेपर बंद, गॅसचा कॉक बंद. काळजी होती ती एकाच जिवाची, गॅलरीतल्या माझ्या वडाच्या बोन्सायची. अठरा वर्षांपूर्वी एका उन्हाळी वर्गात बोन्साय शिकले, तेव्हा लावलेलं ते रोप. माझ्या लेकीच्या शाळेच्या वर्षांबरोबरच ते वाढलं होतं. पारंब्याही फुटल्या होत्या. घराची किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिली आणि पाणी कसं, किती, केव्हा घालायचं हे तीन-तीनदा सांगितलं.

मे महिन्यात त्यांचा फोन आला. चार दिवस गावी लग्नाला गेल्या होत्या. पाण्याचं कुणाला सांगायचं राहून गेलं. परत येऊन पाहतात तो झाड वाळलेलं. पुण्याचं मे महिन्यातलं ऊन आणि दोन बोटं मातीची कुंडी, चार दिवस म्हणजे खूप झाले. मी "असू दे" म्हटलं खरं, पण फोन ठेवल्यावर रडू आलं. पुढे आठवडाभर वहिनींचा फोन आला की मी लेकीच्या हातात द्यायची.

माझा उतरलेला चेहरा पाहून जावई एका रविवारी म्हणाले, "आई, चला, तुम्हाला एक झाड दाखवतो."

वॉशिंग्टनमधलं झाडांचं घर

वॉशिंग्टन शहरात राष्ट्रीय वृक्षोद्यान आहे. चांगलं चारशे-साडेचारशे एकर पसरलेलं. त्यातच राष्ट्रीय बोन्साय आणि पेनजिंग संग्रहालय आहे. 'पेनजिंग' म्हणजे चिनी पद्धतीची कुंडीतली झाडं आणि देखावे. जपानी बोन्सायचं मूळही चीनमधलंच. प्रवेश मोफत.

या संग्रहालयाची सुरुवात एका भेटीतून झाली. १९७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, म्हणून जपानच्या बोन्साय संघटनेने ५३ बोन्साय आणि ६ शोभेचे दगड अमेरिकेला दिले. झाडं एक वर्ष आधीच येऊन पोहोचली होती. पण परदेशातून आलेल्या झाडांबरोबर कीड-रोग येऊ नयेत म्हणून त्यांना जवळजवळ वर्षभर वेगळं ठेवण्यात आलं. एका देशाकडून दुसऱ्या देशाला आलेल्या आहेराचीही त्यातून सुटका झाली नाही!

त्या ५३ झाडांपैकी एका पाइनसमोर जावयांनी मला उभं केलं. हा जपानी पांढरा पाइन. खोड माझ्या दोन्ही हातांच्या कवेत जेमतेम मावेल इतकं जाड आणि वर हिरव्यागार सुयांचा घुमट. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, १६२५ पासून कुंडीत. मी मनात हिशेब केला. शिवरायांचा जन्म १६३० चा. म्हणजे शिवनेरीवर पाळणा हलण्याच्या पाच वर्षं आधीपासून कुणीतरी या झाडाला रोज पाणी घालत आलं होतं.

न सांगितलेली गोष्ट

हे झाड दिलं ते हिरोशिमाच्या मासारू यामाकी यांनी. बोन्साय वाढवणं हा त्यांच्या घराण्याचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यवसाय. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी हिरोशिमावर अणुबाँब पडला, तेव्हा त्यांचं घर आणि रोपवाटिका स्फोटाच्या ठिकाणापासून जेमतेम तीन किलोमीटरवर होती. खिडक्यांच्या काचा फुटून घरातली माणसं जखमी झाली, पण वाचली. रोपवाटिकेभोवती उंच भिंत होती, तिच्या आडोशाने झाडही वाचलं.

आणि तीस वर्षांनी आपल्याकडचं हेच झाड यामाकींनी अमेरिकेला देऊन टाकलं. ज्या देशाने बाँब टाकला, त्याच देशाला. देताना बाँबची गोष्ट सांगितली नाही. पाव शतक ते झाड वॉशिंग्टनमध्ये उभं होतं, लोक पाहून जात होते, पण त्याने काय पाहिलं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. २००१ च्या मार्चमध्ये यामाकींचे दोन नातू आजोबांचं झाड पाहायला तिथे आले, तेव्हा कुठे संग्रहालयाला ही हकिकत समजली.

मी त्या झाडासमोर किती वेळ उभी होते कोण जाणे. जवळच एक बाई झारीने कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी त्यांना विचारलं, "इथली झाडं कधी मरतात का हो?" त्या म्हणाल्या, "मरतात की. कितीही जपलं तरी मरतात. आपण आपलं रोज पाणी घालायचं."

त्या संध्याकाळी मी स्वतः वहिनींना फोन लावला. यामाकींनी बाँबचा सल धरला नाही आणि मी चार दिवसांच्या पाण्याचा धरून बसले होते. "वहिनी, लग्न कसं झालं ते सांगितलंच नाहीत तुम्ही," मी म्हटलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग त्याही रडायला लागल्या आणि मीही.

हा छळ आहे का?

माझ्या सासूबाईंना बोन्साय कधीच आवडलं नाही. "वडासारख्या झाडाला वाटीत कोंडायचं म्हणजे पापच," असं त्या म्हणत. तुमच्याही घरात कुणी म्हणत असेल. वॉशिंग्टनला मला त्यांची आठवण आली. ज्याचा छळ होतो ते झाड चारशे वर्षं जगेल का? बोन्सायला उपाशी ठेवून खुजं करत नाहीत. फांद्या छाटतात, वळण देण्यासाठी तार गुंडाळतात, ठरावीक वर्षांनी कुंडीतून काढून जास्तीची मुळं कापतात आणि ताजी माती घालतात. त्यामुळेच मुळं गुदमरत नाहीत आणि झाड तरुण राहतं. मात्र सासूबाईंचं एक खरं होतं. कुंडीतल्या झाडाला जमिनीतल्या झाडासारखं स्वतः पाणी शोधता येत नाही. त्याची सगळी भिस्त आपल्यावर. ज्यांना ती जबाबदारी नको, त्यांनी बोन्साय विकत घेऊन दिवाणखान्यात शोभेला ठेवूच नये.

याच संग्रहालयात 'गोशिन' नावाचं छोटं जंगलही आहे. जॉन नाका या जपानी वंशाच्या अमेरिकन बोन्साय कलाकाराने एका कुंडीत अकरा ज्युनिपर लावली, आपल्या प्रत्येक नातवंडासाठी एक. नुकतीच आजी झालेल्या मला तिथून पाय काढवेना.

आणखी कुठे पाहाल?

२०२३ मध्ये आम्ही एका सहलीबरोबर जपानला गेलो. टोकियोत एक दिवस मोकळा होता. मंडळी खरेदीला गेली, आम्ही दोघं आगगाडीने ओमियाला. टोकियोच्या उएनो स्थानकातून अर्ध्या तासात तोरो स्थानक येतं, तिथून पायी पाच मिनिटं. १९२३ च्या भूकंपात टोकियोतल्या बोन्साय उत्पादकांचं फार नुकसान झालं. स्वच्छ पाणी, चांगली माती आणि मोकळी जागा शोधत ते इथे आले आणि १९२५ मध्ये बोन्साय गाव वसलं. सुरुवातीचे नियम पाहा: प्रत्येकाकडे निदान दहा बोन्साय हवेत, फाटक पाहुण्यांसाठी उघडं हवं, कुंपण झुडपांचं हवं आणि घर दुमजली नको! आज तिथे मोजक्याच रोपवाटिका उरल्या आहेत, पण २०१० मध्ये उघडलेलं सरकारी बोन्साय संग्रहालय पाहण्यासारखं आहे. गुरुवारी ते बंद असतं. दर वर्षी ३ ते ५ मे या दिवसांत गावात मोठी बोन्साय जत्रा भरते.

मुलंबाळं न्यूयॉर्कला असतील तर ब्रुकलिनच्या वनस्पती उद्यानात जा, तिथला संग्रह १९२५ मध्ये सुरू झाला. सिॲटलजवळ पॅसिफिक बोन्साय संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या जपानी कुटुंबांना छावण्यांत डांबलं होतं. तिथे एकाने पत्र्याच्या डब्यात बी पेरून वाढवलेला पाइन या संग्रहालयात आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये तो आणखी एका झाडासह चोरीला गेला आणि दोन-तीन दिवसांत दोन्ही झाडं कुणीतरी परत आणून ठेवली! इटलीत मिलानजवळ पाराबियागो गावी १९९१ मध्ये सुरू झालेलं क्रेस्पी संग्रहालय आहे. तिथला एक फायकस हजार वर्षांचा असल्याचं सांगतात. फायकस म्हणजे आपल्या वड-पिंपळाचाच भाऊबंद.

जाण्यापूर्वी एवढं लक्षात ठेवा

◆ वसंतात किंवा पानगळीच्या आधी रंग चढतात तेव्हा जा. कडक थंडीत बरीच झाडं आडोशाला हलवलेली असतात.

◆ सुट्टीचा वार, वेळ आणि तिकीट निघण्यापूर्वी विचारून घ्या. काही ठिकाणी फोटो काढायला मनाई असते.

◆ झाडाला हात लावू नका. पाठीवरची पिशवी पुढे घ्या. वळताना तिचा धक्का लागून शंभर वर्षांची फांदी मोडू शकते. लहान मुलांचा हात धरा.

◆ उभ्याने वरून पाहू नका. थोडं वाका, नजर खोडाच्या मध्यावर आणा. आधी मुळं, मग खोड, मग फांद्या पाहा. झाड एकदम मोठं दिसू लागेल.

◆ तिथून रोप, बी किंवा माती आणायचा मोह टाळा. परवाना आणि रोगमुक्त असल्याचा दाखला नसेल तर विमानतळावर ते काढून घेतात. छाटणीची चांगली कात्री मात्र जरूर आणा, पण ती हातातल्या पिशवीत नको, सामानात द्या.

अमेरिकेहून परत आलो तेव्हा वहिनींनी माझी वाळलेली कुंडी टाकली नव्हती. फुटेल या आशेने त्या रोज पाणी घालत होत्या. ते झाड काही फुटलं नाही. पण पावसाळ्यात आमच्या गच्चीच्या भिंतीत वडाचं एक रोप उगवलं. ते मी अलगद काढून त्याच कुंडीत लावलं आणि वहिनींच्या गॅलरीत नेऊन ठेवलं. आता आम्ही दोघी मिळून त्याला वाढवतो. कुणी गावाला निघालं की आधी एकमेकींना सांगतो.