राखीव फळीचा भ्रम

पावसाळा सरून नवरात्राचे वेध लागले, की सुरतेतील आमच्या मराठी घरांच्या ओट्यांवर एक वार्षिक अनुष्ठान सुरू होते. रणजी करंडकाचा मोसम तोंडावर आलेला असतो आणि तापीकाठी तीन-चार पिढ्या काढूनही मुंबईच्या संघालाच ‘आपला’ म्हणणारी आमची मंडळी नावे मोजू लागतात. अकरा जण तर आहेतच, त्यांच्यामागे आणखी अकरा उभे आहेत, त्यांच्याही मागे शालेय क्रिकेटमधून वर येणारी पोरे आहेत. ‘मुंबईने दोन संघ उतरवले तर अंतिम सामना घरातच होईल,’ हे वाक्य दरसाल कोणीतरी उच्चारतो आणि चहाची दुसरी फेरी होते.

आमचा विरोध या प्रेमाला नाही, या मोजणीला आहे.

मोजणी करणारे 2024 च्या उपउपांत्य सामन्याचा दाखला हमखास देतात. बडोद्याविरुद्ध दहाव्या क्रमांकावरील तनुष कोटियनने नाबाद 120 आणि अकराव्या क्रमांकावरील तुषार देशपांडेने 123 धावा काढल्या. शेवटच्या जोडीने 232 धावांची भर घातली. शेवटच्या दोघांनीही शतक काढण्याचा असा प्रकार प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी एकदाच, 1946 साली चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांच्याकडून सरेविरुद्ध घडला होता. त्या मोसमात मुंबईने 42 वे विजेतेपद मिळवले. सारे खरे. पण हे दोघे राखीव नव्हते, ते अकरांत होते. त्यांच्या हाती बॅट होती, पाण्याच्या बाटल्या नव्हत्या.

आता दुसरे पान उलटू. जानेवारी 2025 मध्ये मुंबईकडून रोहित शर्मा, यशस्वी जैस्वाल, रहाणे, श्रेयस अय्यर, दुबे, शार्दूल असा तारांगणच उतरला. ऑक्टोबरमध्ये महाराष्ट्राविरुद्ध 176 धावा काढणारा 17 वर्षांचा आयुष म्हात्रे त्यामुळे बाहेर बसला. ओट्यावर तेव्हा उत्सव होता: एवढा मुलगासुद्धा बाहेर बसू शकतो, म्हणजे केवढी ही श्रीमंती! पहिल्या डावात त्या श्रीमंतीच्या 120 धावा झाल्या आणि जम्मू-काश्मीरने सामना पाच गडी राखून जिंकला. म्हात्रे खेळता तर निकाल फिरला असता, असा आमचा दावा नाही. बाहेर बसलेला गुणी खेळाडू आत खेळणाऱ्यांच्या धावांत एकाचीही भर घालत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आपल्या दारातले उदाहरण मात्र ओट्यावर कोणी काढत नाही. जानेवारी 2017 मध्ये इंदूरला गुजरातने याच मुंबईला अंतिम सामन्यात हरवले आणि पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. उपांत्य सामन्यात झारखंडची दाणादाण उडवणारा बुमराह भारतीय संघात गेला होता. त्याच्यावाचून उतरलेल्या संघातील चिंतन गजाने मुंबईच्या दुसऱ्या डावात सहा गडी बाद केले आणि पार्थिव पटेलच्या 143 धावांनी 312 चे लक्ष्य गाठून दिले. त्याआधी गुजरातच्या राखीव फळीचे गोडवे कोणी गायले होते?

आमच्या सुरतेच्या लालभाई कॉन्ट्रॅक्टर मैदानाने तर याहून मोठा धडा पाहिला आहे. मिताली राज विसाव्या षटकांच्या क्रिकेटमधून निवृत्त झाल्यावर महिन्याच्या आत, 24 सप्टेंबर 2019 रोजी, 15 वर्षांची शेफाली वर्मा तेथे भारतासाठी प्रथम उतरली आणि शून्यावर बाद झाली. तिला लगेच बसवले नाही. काही दिवसांतच त्याच मैदानावर तिने 46 धावा काढल्या. पुढे 2025 च्या विश्वचषकाच्या मूळ राखीव यादीत तिचे नावही नव्हते. प्रतिका रावल जखमी झाली म्हणून ती आली आणि 2 नोव्हेंबरला नवी मुंबईतील अंतिम सामन्यात 87 धावा व दोन बळी घेऊन गेली. यादीने तिला तारले नाही; पदरी असलेल्या सामन्यांनी तारले.

सरकारी नोकरीत आम्ही हेच पाहिले. आस्थापनेच्या पत्रकात पदे भरगच्च दिसत, पण मुख्य कारकून पंधरा दिवस रजेवर गेला, की कचेरीची खरी खोली कळे. ज्याला कधी टिपणीच लिहू दिली नाही, तो ऐन वेळी काय लिहिणार? आमच्या घरातील एक मुलगा एका संघात तीन मोसम बारावा गडी होता. प्रत्येक वेळी ‘तुझी पाळी येईल’ असे त्याला सांगितले गेले. पाळी आली नाही. चौथ्या मोसमाआधी त्याने पांढरे कपडे घडी करून माळ्यावर टाकले. त्याच्या संघाची राखीव फळी मात्र कागदावर अखेरपर्यंत भक्कम होती.

कोणी म्हणेल, मैदानात अकराच उतरतात, सर्वांना कसे खेळवणार? मान्य. पण दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, बाद फेरी निश्चित झाल्यावर, थकलेल्या गोलंदाजाच्या जागी नव्याला उतरवता येते. त्यात एखादा सामना हातचा जाईल. ती किंमत ज्याला द्यायची नाही, त्याने राखीव फळीचा अभिमान बाळगू नये.

म्हणून येत्या मोसमाआधी ओट्यावर जरूर जमावे, चहाही व्हावा. फक्त ‘मागे किती उभे आहेत’ हा प्रश्न टाकून ‘मागल्यांपैकी कितीजण गेल्या वर्षी किती सामने खेळले’ हा विचारावा. उत्तर कदाचित लहान निघेल, पण भरवसा ठेवायचा तर त्याच आकड्यावर ठेवावा.